मालतीबाईंची वरची खोली

नरहर पांढरीपांडे यांचं भोपाळमध्ये कुणाशी वाकडं नव्हतं. तक्रार होती ती एकच. पिपलानीच्या कारखान्यात त्यांचा सगळा जन्म गेला, अख्खं गाव ओळखीचं झालं, पण पांढरीपांडे हे आडनाव पूर्ण उच्चारायचे कष्ट कोणी घेतले नाहीत. फाटकावरच्या शिपायापासून मोठ्या साहेबापर्यंत सगळ्यांनी त्यांचा 'पांडेजी' करून टाकला. सुरुवातीला ते दुरुस्त करत, मग चिडत, आणि शेवटी हाक आली की निमूट मान वळवू लागले. वडील नागपूरहून सरकारी कचेरीबरोबर इकडे आले नसते तर ही वेळ आली नसती, असं ते अजूनही म्हणतात. पण त्याच ओळखीपाळखीचा त्यांना भारी अभिमान. पांडेजी म्हणून का होईना, आपल्याला ओळखत नाही असा माणूस या भागात नाही, हे ते चहाच्या दुसऱ्या घोटाला सांगतातच.

निवृत्तीनंतर त्यांनी अवधपुरीत घर बांधलं. खाली ते आणि मालतीबाई. मुलगा विक्रांत सरकारी नोकरीत, त्याला तुलसी नगरात क्वार्टर मिळालेलं, म्हणून सून आणि नात तन्वी तिकडे. वर एक ऐसपैस खोली, तिला लागून न्हाणीघर, ओट्यापुरती गॅलरी आणि बाहेरून जिना. भाड्याने द्यायला इतकी सोयीची खोली कॉलनीत दुसरी नसेल. पण तिला कायम कुलूप. कारण ती महालक्ष्म्यांची खोली होती.

विदर्भातल्या घरांत भादव्यात महालक्ष्म्या येतात. ज्येष्ठा आणि कनिष्ठा, दोघी बहिणी, बरोबर त्यांची दोन लेकरं. पहिल्या दिवशी यायचं, दुसऱ्या दिवशी जेवायचं, तिसऱ्या दिवशी निघायचं, असा त्यांचा शिस्तीचा पाहुणचार. पांढरीपांड्यांच्या महालक्ष्म्या सासूबाईंनी नागपूरहून ट्रंकेतून आणलेल्या. पितळी मुखवटे, साड्या, दागिने, उभं करायच्या लोखंडी कोठ्या. तीन दिवस वरच्या खोलीत मखर, फुलोरा आणि पुरणाचा घमघमाट, आणि उरलेलं सगळं वर्ष ती ट्रंक तिथे एकटी. महालक्ष्म्यांची जागा एकदा ठरली की हलवायची नाही, हे सासूबाईंचं सांगणं. मालतीबाईंनी ते पाळलं. त्या दिवसांत त्या पहाटे अंगावरून पाणी घेऊन ओलेत्याने पुरण शिजवायच्या, आणि कोणी चुकून जरी चुलीजवळ गेलं तरी त्यांची नुसती एक नजर पुरायची.

खोली विचारायला माणसं येतच. बँकेतला नवा कारकून, नर्सबाई, नुकतं लग्न झालेलं जोडपं. नरहरराव त्यांना बसवत, चहा देत, आणि मग आवाज खाली आणून म्हणत, "माझी ना नाही हो. पण आमच्या हिला चालणार नाही. देवीची खोली आहे, आणि हिचं सोवळं म्हणजे फार कडक." विचारणारा स्वयंपाकघराच्या दिशेने एक भेदरलेली नजर टाकी आणि चहा संपवून निघून जाई. कॉलनीत मालतीबाईंचा दरारा असा आयता तयार झाला होता. खरी गोष्ट अशी की कटकट नको होती नरहररावांनाच. भाडेकरू आला म्हणजे पाण्याची टाकी आली, फाटकाच्या किल्ल्या आल्या, वीजबिलाची भांडणं आली. पण नको म्हणायला माणसाला तोंड लागतं, आणि बायको हाताशी असली की ते कशाला वापरा?

मालतीबाईंना हे सगळं ऐकू जात असे. स्वयंपाकघर काही लांब नव्हतं.

तर अशा घरी, जुलैच्या एका रविवारी, तन्वी तिच्या मैत्रिणीला घेऊन आली. मैत्रीण इथिओपियाची. नाव हिवोत. उंच, सडपातळ, केसांच्या बारीक वेण्या, आणि बोलण्यात ठसक्यात भोपाळी 'हओ'. नरहररावांनी "पानी लोगी?" विचारलं तर म्हणाली, "हओ अंकल," आणि त्यांना हसू आवरेना.

तन्वीने गाऱ्हाणं मांडलं. हिवोत तिच्याच कॉलेजात पाणी शुद्ध करण्याचं शिक्षण घेत होती. गेलं वर्ष तिच्या देशातल्या दोन मोठ्या मुलींबरोबर एका फ्लॅटमध्ये काढलं. त्या पास होऊन गेल्या, मालकाने फ्लॅट विकायला काढला, आणि महिनाअखेरीला बाहेर पडायचं होतं. शिष्यवृत्ती बेताची, तीत परवडेल अशी खोली मिळेना. आणि हे नुसतं डोक्यावर छप्पर असण्यापुरतं नव्हतं. परदेशी विद्यार्थ्याला राहता पत्ता दाखवावा लागतो. पत्ता नाही तर नोंदणी नाही, नोंदणी नाही तर या देशात राहणं नाही, आणि शिक्षणाचं एक वर्ष अजून बाकी होतं.

"आजोबा, तुमची सगळीकडे ओळख आहे ना? हिला एक खोली मिळवून द्या," तन्वी म्हणाली. वरच्या खोलीचा विषय तिनेही काढला नाही. ती या घरचीच मुलगी होती.

"हात्तिच्या, एवढंच ना?" नरहररावांनी मांडीवर थाप मारली. "पांडेजी म्हणून नुसतं नाव सांगायचं. पुढच्या रविवारी ही नव्या खोलीत असेल."

मालतीबाई पोह्यांच्या बश्या घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. ते आणखी काही बोलतील, अशी वाट पाहिल्यासारखं पाहिलं. मग बश्या ठेवल्या आणि लिंबू आणायला आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी नरहररावांनी स्कूटर पुसली, हिवोतला बसस्टॉपवरून घेतलं आणि मोहिमेवर निघाले. निघताना त्यांना दिसलं की गॅलरीतल्या दोरीवर वरच्या खोलीचे पडदे वाळत पडलेत. यंदा हिने महालक्ष्म्यांची साफसफाई फारच लवकर काढली, असं त्यांच्या मनात आलं आणि गेलं.

पहिलं घर जुन्या दोस्ताचं. कारखान्यात दोघांनी एका पाळीत घाम गाळलेला. त्याने पांडेजींना मिठी मारली, समोसे मागवले, खोली दाखवली, खोलीचं कौतुक केलं. मग हिवोत गॅलरी बघायला गेल्यावर त्यांच्या कानाला लागला. "यार, फॉरेनर है. पुलिस का कागज, थाना, लफड़ा. तुम समझो." नरहररावांनी त्याला समजावलं, शपथा घातल्या, जुनी आठवण काढली. दोस्ताने आणखी एक समोसा वाढला, पण खोली दिली नाही.

दुसऱ्या घरी फोनवर सगळं ठरलेलं होतं. भाडंही रास्त. मालकीणबाईंनी दार उघडलं, पांडेजींना नमस्कार केला, मागे हिवोतला पाहिलं आणि तिथल्या तिथे भाडं दुप्पट केलं. "बाहर से आई है, डॉलर में पढ़ती होगी." नरहररावांचं टाळकं सरकलं. ते तोंड उघडणार तोच हिवोत म्हणाली, "कोई बात नहीं आंटी, शुक्रिया," आणि फाटक हलक्या हाताने लावून बाहेर आली. आपण असतो तर ते फाटक बिजागरीसकट उखडून आलो असतो, हे नरहररावांना पक्कं ठाऊक होतं.

"गुस्सा नहीं आता?" त्यांनी स्कूटर चालवता चालवता विचारलं.

"आता है अंकल. पर गुस्से में कमरा नहीं मिलता." मग मागे बसल्या बसल्या ती हसू लागली. सगळीकडे प्रश्न तेच, म्हणाली. कहाँ से आई हो? अकेली हो? वेज हो? मेहमान तो नहीं आएँगे? रात को कितने बजे आओगी? "अब तो मैं नींद में भी जवाब दे सकती हूँ."

आठवडा असाच गेला. नरहररावांना ओळखणारी माणसं जागोजाग भेटली, त्यांच्याबरोबर चहाही झाला, आणि कुठेही खोली मिळाली नाही. कुणाकडे पाहुणे यायचे होते, कुणाकडे रंगकाम निघालं होतं. एकाने तर 'टू लेट'ची पाटी त्यांच्या डोळ्यांसमोर काढून खिशात घातली. घरी येऊन ते मालतीबाईंना सांगत, आणि मालतीबाई 'हं' म्हणत. एकदा त्यांनी विचारलं, "मग, आता?" नरहरराव म्हणाले, "बघू ना, अजून मनोहर आहे." मालतीबाई पुन्हा 'हं' म्हणाल्या आणि कणीक मळत राहिल्या.

मनोहर खापर्डे म्हणजे मराठी मंडळाचे कार्यवाह. दर गणेशोत्सवात माणुसकी या विषयावर दणदणीत भाषण करणारे. त्यांच्या घराचा मागचा भाग वर्षभर रिकामा होता. हा हुकमी एक्का नरहररावांनी शेवटी ठेवला होता.

खापर्ड्यांनी सगळं ऐकून घेतलं. हिवोतशी इंग्रजीत बोलले, तिच्या देशाची राजधानी त्यांना पाठ होती तीही सांगितली. मग मराठीत आले, आवाज खाली आणला आणि म्हणाले, "माझी ना नाही हो, नरहरराव. पण आमच्या हिला चालणार नाही. घरात देवधर्म आहे, आणि हिचं फार कडक असतं."

त्याच वेळी त्यांच्या पत्नी शालिनीबाई सरबताचा ट्रे घेऊन आत येत होत्या. त्या जागच्या जागी थबकल्या. एक ग्लास कलंडता कलंडता राहिला. मग त्यांनी सगळ्यांना सरबत दिलं, हिवोतला पहिल्यांदा, आणि पदर सावरून भिंतीशी उभ्या राहिल्या. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. सवयीचा झालेला अपमान माणूस कसा गिळतो, तेवढंच त्या चेहऱ्यावर होतं, आणि नरहररावांनी तो चेहरा कुठेतरी पाहिला होता. कुठे, ते आठवायला त्यांना फार वेळ लागला नाही. आपलंच वाक्य दुसऱ्याच्या तोंडून ऐकणं ही काय शिक्षा असते, ते त्यांना कळलं. शब्द तेच. आवाज खाली आणायची ती लकबही तीच. भरला ग्लास त्यांनी तसाच खाली ठेवला.

निघताना शालिनीबाई फाटकापर्यंत आल्या. खापर्डे आत फोनवर होते. "भाऊजी," त्या हळूच म्हणाल्या, "मला कोणी विचारलंच नव्हतं."

नरहररावांनी मान हलवली. स्कूटरही नेमकी तेव्हाच रुसली. किका मारून ते घामाघूम झाले.

"आंटी क्या बोलीं?" हिवोतने विचारलं.

"कुछ नहीं," ते म्हणाले. मग थोडं पुढे गेल्यावर म्हणाले, "बहुत कुछ."

बसस्टॉपवर ती उतरली. महिना संपायला आला होता. तिच्या डोळ्यांखाली काळं दिसत होतं, पण ती काळजी करत होती ती यांची. "अंकल, आप थक गए हो. कल से मैं अकेली जाऊँगी." सिटी बस आली, ती चढली, आणि खिडकीतून तिने हात केला. एवढ्या लांबून, भाषा येत नसताना, एकटी आलेली पोर. दारोदार नकार ऐकते आणि वर म्हाताऱ्याचे गुडघे सांभाळते. नरहरराव बस दिसेनाशी होईपर्यंत तिथेच उभे राहिले. त्यांना त्या मुलीचं अपार कौतुक वाटलं, आणि तितकीच स्वतःची लाज.

घरी आले तेव्हा मालतीबाई भुईमुगाच्या शेंगा सोलत होत्या. नरहरराव चप्पल काढून त्यांच्यासमोर पाटावरच बसले. एरवी ते खुर्चीशिवाय बसत नसत.

"नाही मिळाली?" मालतीबाईंनी विचारलं.

"नाही."

नरहररावांनी टोपलीतली एक शेंग उचलून सोलली. मग नरहरराव म्हणाले, "मालती, तुला एक विचारू का?"

मालतीबाईंचा हात थांबला. "विचारा की. किती वर्षं झाली, मी वाट बघून राहिले."

"वरची खोली त्या पोरीला दिली तर तुला चालेल?"

मालतीबाईंनी शेंगांची टोपली बाजूला सारली. उठल्या, देवघरातल्या खुंटीवरची किल्ली घेतली आणि जिना चढू लागल्या. नरहरराव मागोमाग गेले. कुलूप उघडलं. आत धुतलेले पडदे लावलेले होते. पलंगावर गादी, तिच्यावर नवी चादर, उशाशी पाण्याचा तांब्या. कोपऱ्यात एक छोटं टेबल, ते विक्रांतचं शाळेतलं, पुसून लख्ख केलेलं. महालक्ष्म्यांची ट्रंक भिंतीशी सरकवून तिच्यावर स्वच्छ चादर घातलेली. खोली सज्ज होती.

"हे कधी केलंस?"

"तन्वी तिला घेऊन आली ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी. मला वाटलं, तुम्ही आता म्हणाल, मग म्हणाल. तुम्ही तर गावभर फिरून राहिले."

"अगं, मग बोलली का नाहीस?"

मालतीबाईंनी चादरीची एक सुरकुती हाताने सारखी केली. "तुम्ही इतकी वर्षं लोकांना सांगत आलात ना, हिला चालणार नाही म्हणून? मी एकदम हो म्हटलं असतं तर तुम्ही खोटे पडले असते. पोरीसमोर, नातीसमोर. ते मला नाही बरं वाटलं."

नरहरराव पलंगाच्या कडेवर बसले. हिच्या सोवळ्याची त्यांनी ढाल केली होती, आणि ही त्या ढालीमागे उभ्या असलेल्या माणसाला जपत होती. इतकी वर्षं ज्या बाईबरोबर संसार केला तिची उंची आपल्याला कधी दिसलीच नाही, असं त्यांना वाटलं, आणि ते तसं बोललेही. शब्द नीट जमले नाहीत, पण बोलले.

"पुरे," मालतीबाई म्हणाल्या. "तिला फोन लावा. बस घरी पोचायच्या आत कळू द्या बिचारीला."

"आणि महालक्ष्म्या? जागा हलवायची नाही ना?"

"त्यांचं मी बघीन."

हिवोत आली. एक सुटकेस, एक पुस्तकांचं खोकं आणि तुळशीसारखं दिसणारं कसलंसं रोप. तिला परवडेल तेवढंच भाडं ठरलं. मालतीबाईंनी पहिल्याच दिवशी रोखठोक सांगून टाकलं. त्यांचं हिंदी नागपूरवरून येत असे, त्यामुळे ते निम्मं मराठीच असे. "देख बेटा, घर में मांसमच्छी नाही. बाहर क्या खाती, वो मैं पूछूँगी नहीं. और जिने का बल्ब बंद करना." हिवोत म्हणाली, "हओ आंटी." पोलिसांच्या कागदाचं ते भूत, ज्याला सगळी अवधपुरी घाबरत होती, ते विक्रांतने संगणकावर बसल्या बैठकीला उतरवलं. तिची नोंदणी झाली. पत्त्याच्या जागी 'पांढरीपांडे' हे आडनाव पूर्ण लिहिलेलं पाहून नरहरराव खूश झाले. हिवोतने तर ते पूर्ण म्हणूनही दाखवलं, अडखळत, पण पूर्ण.

लवकरच मालतीबाईंची एक वेगळीच पंचाईत झाली. उपासतापासात कॉलनीत त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. एका बुधवारी त्यांनी हिवोतला दही दिलं तर ती म्हणाली, आज उपास. तिच्या धर्मात बुधवार-शुक्रवार दूध, तूप, अंडं, मांस सगळं वर्ज्य, आणि दुपारपर्यंत तोंडात काहीच घालायचं नाही. ऑगस्टात तर पंधरवडाभर तसंच.

"तूपही नाही?" मालतीबाईंनी पुन्हा विचारलं.

"तूपही नाही," हिवोत मराठीत म्हणाली.

पुढच्या एकादशीला मालतीबाईंची साबुदाण्याची खिचडी, दाण्याची आमटी, बटाट्याचा कीस आणि वर रताळ्याचे गोड काप असं भरलेलं ताट तिने पाहिलं आणि निरागसपणे विचारलं, "आंटी, ये उपवास है?" नरहरराव इतके हसले की त्यांना ठसका लागला. मालतीबाईही हसल्या, पण पुढच्या खेपेला खिचडीत तूप बेतानेच पडलं. "आपण आपलं उगाच मिरवतो हो," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "ही पोर खरी."

भादवा लागला. गणपती बसले. महालक्ष्म्या दोन दिवसांवर आल्या तरी मालतीबाई काही बोलेनात. नरहरराव आतल्या आत तळमळत होते. खालच्या बैठकीत मखर घालायचं म्हणजे जागा हलवली असं होणार, आणि सासूबाईंचा शब्द मोडला म्हणून हिला आयुष्यभर रुखरुख लागणार. वरच घालायचं तर त्या मुलीला तीन दिवस बाहेर काढायचं? तन्वीकडे पाठवायचं? ज्या पोरीने एका खोलीसाठी गाव पालथं घातलं, तिला 'जरा तीन दिवस बाहेर हो' असं कोणत्या तोंडाने सांगायचं? ते विचारायला गेले की मालतीबाई म्हणत, "म्हटलं ना, मी बघीन."

आवाहनाच्या आदल्या दिवशी संध्याकाळी मालतीबाईंनी तोंड धुतलं, ठेवणीतली नारायणपेठी नेसल्या, कुंकू नीट केलं आणि जिना चढू लागल्या. नरहरराव गुडघे धरत मागे. वर दार लोटलेलं होतं, आत दिवा होता. मालतीबाई सरळ आत गेल्या नाहीत. स्वतःच्या घराच्या, स्वतः पुसलेल्या दारापुढे त्या उभ्या राहिल्या आणि त्यांनी कडी वाजवली. मग दोन पावलं मागे सरून थांबल्या, खोली विचारायला आलेली माणसं थांबतात तशा.

हिवोतने दार उघडलं. नेसलेली साडी, गंभीर चेहरा, मागे अंकल. तिचा चेहरा उतरला.

"बेटा," मालतीबाई म्हणाल्या, "कमरे के बारे में बात करनी थी."

हिवोतची नजर लगेच सुटकेसकडे गेली. किती वेळा झालं असेल तिच्या बाबतीत असं, कोणास ठाऊक. तिने आवाज स्थिर ठेवायचा प्रयत्न केला. "मुझे जाना है, आंटी?"

"नाही, नाही! तू कुठे जाते?" मालतीबाईंनी तिचा हात घट्ट धरला. "तू इधरच है. खोली तेरी है. भाडं तू देती. मैं तो पूछने आई. हमारी दो जनी आ रही है कल. महालक्ष्मी. हर साल इसी कमरे में रहती हैं. अब कमरा तेरा है, तो तेरे को पूछना पड़ेगा ना? तीन दिन के लिए जगह मिलेगी क्या?"

जिन्यावर नरहरराव कठड्याला धरून उभे राहिले. देवीसाठी जागा मागायला बायको भाडेकरणीच्या दारात उभी होती, आणि ते सोंग नव्हतं. पोरीने नाही म्हटलं असतं तर मालतीबाई मुकाट्याने खाली उतरल्या असत्या आणि देवीला दुसरी जागा शोधली असती. त्यांच्या चेहऱ्यावर तसं लिहिलेलं होतं. सोवळं म्हणजे काय, हे आपल्याला या वयात पहिल्यांदा दिसतंय, असं नरहररावांना वाटलं.

हिवोत बघतच राहिली. मग हळूहळू डोळ्यांत एक खट्याळ चमक आली. तिने पाठ ताठ केली, हाताची घडी घातली आणि दारात अशी उभी राहिली, जशा तिच्यासमोर सगळ्या अवधपुरीतल्या मालकिणी उभ्या राहिल्या होत्या.

"कहाँ से आई हैं?"

मालतीबाई चपापल्या. मग त्यांना उमगलं. "नागपूर से," त्या हात जोडून म्हणाल्या.

"अकेली हैं?"

"दोघी बहिणी. साथ में दो बच्चे."

"फैमिली है. वेज?"

"एकदम. कांदा-लसूणसुद्धा नाही."

"रात को देर से तो नहीं आएँगी?"

"एक बार आई, की तीन दिन हिलती नहीं."

"मेहमान?"

इथे मालतीबाई अडखळल्या. खोटं बोलायचं कसं? "मेहमान बहुत आएँगे, बेटा," त्या प्रामाणिकपणे म्हणाल्या. "पूरी कॉलनी जेवायला."

हिवोतने भुवया चढवल्या. खूप विचार केल्यासारखं केलं. मग तिचा सगळा आव एकदम गळून पडला. डोळे भरून आले, आणि ती बाजूला झाली. दोन्ही दारं तिने भिंतीपर्यंत उघडली, टेबलावरची पुस्तकं उचलून पलंगाखाली ठेवली आणि भिंतीशी ठेवलेल्या ट्रंकेवरची चादर काढून घडी घालू लागली.

"हओ," ती म्हणाली. "जगह है."

मालतीबाईंनी तिच्या गालावरून हात फिरवला. खोलीचा एकेक कोपरा त्यांनी डोळ्यांनी पाहून घेतला, पहिल्यांदाच पाहत असल्यासारखा. मग जिना उतरताना कठड्याशी उभ्या असलेल्या नवऱ्यापाशी थांबल्या आणि आठवडाभर दारोदार फिरलेल्या माणसासारखा सुटकेचा एक लांब श्वास सोडला.

"मिळाली हो एकदाची," त्या म्हणाल्या.